शापोऱ्याहून छोट्या होडीतून ट्रोलिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

फोंडेकर

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, नोकरी वेर्ण्याला. मासे खाण्यात पुढे, पकडण्यात म्हणाल तर खांडेपार नदीच्या काठी गरी टाकून बसण्याइतकाच अनुभव. पाण्यावरचा प्रवास म्हणजे दिवाडीची फेरीबोट, आणि ती नदीत चालते हे मला माहीत आहे, कोणी सांगू नका.

झालंय असं, की शिवोलीच्या माझ्या मित्राने जुनी फायबरची कॅनो घेतली. अठरा फुटी, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. तो होडी बरी चालवतो, पण नदीतच. शापोरा नदीच्या मुखाबाहेर आम्ही दोघेही स्वतःच्या जिवावर कधी गेलेलो नाही. या मोसमात बाहेर पडून ट्रोलिंग करावं असं मनात आहे. होडी हळू चालवायची आणि मागे आमिष ओढत न्यायचं, एवढं कळलंय.

शिकायला म्हणून व्हिडिओ बघितले तर बहुतेक सगळे कॅनडा-अमेरिकेतल्या सॅमनचे. तिथे होडीच्या कडेला डाउनरिगर नावाचं यंत्र बसवतात, तारेला पाच-सहा किलोचा गोळा लावून आमिष खोल नेतात. आमिषाच्या पुढे एक चकाकती पट्टी गरगरत असते. मला ते फार आवडलं. किंमतही बघून ठेवली, घरी अजून बोललेलो नाही.

तर आपल्याकडे हे यंत्र लागतं का? वेग किती ठेवायचा? इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, मागे लागावं की रावसाच्या? रावसाला इंडियन सॅमन म्हणून विकतात, म्हणून वाटलं त्यालाही हीच पद्धत लागू पडेल. आणि महिना कुठला बरा?

रांपणकाराचो_नातू

फोंडेकर बाब, घरी बोलायची वेळच येऊ देऊ नका. ते यंत्र तिथल्या पाण्यासाठी आहे, इथे ते होडीच्या कडेला नुसतं गंजेल.

आधी रावसाचं. तो सॅमनच्या घराण्यातला नव्हे. उथळ, गढूळ पाण्यात रेतीच्या तळाशी फिरतो. गळ्यापाशी चार लांब तंतू असतात, त्यांनी चाचपडत सुंगटं (कोळंबी) आणि बारीक मासे शोधतो. होडीमागे पळणारं आमिष त्याच्या फारसं कामाचं नाही. रावस हवा असेल तर संध्याकाळी मोरजीच्या वाळूत उभे राहा आणि गरीला सुंगट लावून फेका, पेट्रोलचे पैसे वाचतील. ट्रोलिंगला आपल्याकडे इसवण. सोबत बॅराकुडा, कुपा, नशीब असेल तर मोडसो.

आता खोलीचं. शापोऱ्याच्या मुखातून नाकासमोर पश्चिमेला चाललात तरी कितीतरी वेळ पाणी वीस मीटरच्या आसपासच राहतं. त्यात इसवण काही तळाला बसून नसतो. तारल्यांच्या आणि बांगड्यांच्या थव्यांमागे वरच्या नाहीतर मधल्या पाण्यात असतो. पुढे प्लास्टिकची जीभ असलेला लुअर, म्हणजे नकली मासा, मिळतो, होडीने ओढला की जिभेवर पाणी दाबून तो आपोआप खाली जातो. जीभ लहान असेल तर दोन-तीन मीटर, मोठी असेल तर सात-आठ. झालं तुमचं डाउनरिगर.

माझे आजोबा रांपणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचे. जाळ्यावर जाताना शिडाच्या होडीमागे सुताचा दोर सोडून द्यायचे, टोकाला गरी आणि गरीला कोंबड्याचं पांढरं पीस. दोर पायाच्या अंगठ्याला गुंडाळून चिलीम ओढत बसायचे. इसवण लागायचे. हे सांगतो ते जुनं ते सोनं म्हणून नव्हे, पायाच्या अंगठ्याचं मी कोणालाच सुचवणार नाही. पण सामान किती कमी लागतं ते बघा.

सामान: दोन रॉड, दोघांना पुरे. तीस ते पन्नास पौंड ताकदीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, रिळावर निदान दोनशे मीटर. तिच्यापुढे वावभर जाड तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि त्याच्यापुढे हातभर स्टीलची तार. तारेवर पैसे वाचवू नका, इसवण तंगूस एका चाव्यात कापून लुअर घेऊन जातो. लुअर तीन-चार आणा, निळसर-चंदेरी आणि एखादा लाल डोक्याचा पांढरा. पंधरा रंग आणलेत तर दिवसभर रंगच बदलत बसाल.

वेग चार ते सहा नॉट, म्हणजे ताशी साधारण ७ ते ११ किलोमीटर. पण आकड्यापेक्षा लुअरकडे बघा. सोडण्याआधी होडीच्या कुशीला पाण्यात धरून बघायचा. सरळ राहून थरथरला पाहिजे. कुशीवर लोळत असेल तर वेग जास्त आहे किंवा पुढची कडी वाकडी झाली आहे. मग एक दोर पंचवीस मीटर मागे, दुसरा चाळीस. रॉडचं टोक सतत बारीक ठेका धरून हलत राहतं. ठेका थांबला की लुअरवर शेवाळ नाहीतर प्लास्टिकची पिशवी बसली म्हणून समजा आणि ओढून साफ करा. नवीन माणसं पिशवी ओढत तास-तास हिंडतात.

पण हे सगळं तिसऱ्या नंबरचं. पहिला नंबर शापोऱ्याच्या मुखाचा.

तिथे रेतीचा बांध आहे आणि तो जागा बदलतो. पावसाळ्यानंतर वाट जुनीच असेल असं धरून चालू नका. धक्क्यावरच्या माणसांना विचारा, पहाटे त्यांच्या मागे-मागे बाहेर पडा. आणि दिवस निवडताना आधी तिथी बघा. मुंबईकडचा हिशोब तुम्हाला ठाऊक असेल, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. आपल्याकडे त्याच्या तासभर आधी भरतं. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण भरती अकराच्या आत-बाहेर. पहाटे पाणी चढायला लागल्यावर निघालात, साडेदहाला परत मुखाशी आलात, की बांधावर भरपूर पाणी आणि प्रवाहही आत येणारा. अष्टमीला बरोबर उलटं होतं. परतीच्या वेळी ओहोटी संपत आलेली, बांधावर पाणी कमी.

त्यात वाऱ्याची भर. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, समुद्र तेलासारखा पडलेला असतो. दहा-अकरानंतर खारा वारा वायव्येकडून उठतो आणि दुपारी जोर धरतो. नदीचं पाणी ओहोटीने बाहेर ढकलतंय आणि वारा लाटा आत ढकलतोय, अशा वेळी मुखात लाटा आखूड होऊन उभ्या राहतात. अठरा फुटी कॅनो तिथे आडवी झाली तर इसवणाचा प्रश्नच मिटला. म्हणून परतायची वेळ घरून निघतानाच ठरवायची. मासे लागायला लागले तरी ती बदलायची नाही. मासे नेमके तेव्हाच लागायला लागतात.

महिना: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असतेच. पण १ ऑगस्ट उघडला म्हणून तुम्ही धावायचं नाही, ते मोठ्या ट्रॉलरवाल्यांचं काम. सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्यांचं लाल पाणी दूरवर पसरलेलं असतं, इसवण डोळ्यांनी शिकार करणारा, त्याला लुअर दिसत नाही. नोव्हेंबरपासून पाणी हिरवं-निळं होतं. तेव्हा या.

डिचोलीहून_व्हँकुव्हर_बेट

डाउनरिगरचा विषय निघाला म्हणून लिहितो. मूळ डिचोलीचा, आता बरीच वर्षं व्हँकुव्हर बेटावर, कॅम्पबेल रिव्हर गावात. इथे मी सॅमनचं ट्रोलिंग करतो आणि फोंडेकर यांनी बघितलेले व्हिडिओ बहुधा आमच्याच बाजूचे असावेत.

इथे ते यंत्र का लागतं ते सांगतो. किनारा सोडला की लगेच पाणी शंभर-दोनशे मीटर खोल. पाणी थंडगार. चिनूक जातीचा सॅमन, म्हणजे सगळ्यांत मोठा, ऊन वर आलं की वीस-तीस मीटर आणि कधी त्याहूनही खाली जातो. होडी चालते दोन-तीन नॉटने. इतक्या खोलीला हलकं आमिष टिकवून धरायचं तर खाली वजन हवंच, पण मासा लागल्यावर ते वजन दोरीवर नको. म्हणून गोळा वेगळ्या तारेवर असतो, आपली दोरी तिला चिमट्याने अडकवलेली. मासा ओढतो, चिमटा सुटतो, मग मासा आणि तुम्ही. कोहो जातीचा सॅमन बराच वर असतो, त्याच्यासाठी इथलेही लोक पुष्कळदा यंत्राशिवाय जातात.

ती गरगरणारी पट्टी म्हणजे फ्लॅशर. खोलवर उजेड कमी, तिथे तिची चमक आणि पाण्यातला धक्का माशाला लांबून जाणवतो. तिच्या मागे हेरिंग मासा नाहीतर रबरी झालरीचं आमिष. सॅमन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीकडे परततो, त्यामुळे उन्हाळ्यात ते किनाऱ्याला लागून, भूशिरांना वळसे घालत थव्याने जातात. आम्ही त्या वाटेवर आमिष ओढत राहतो. इसवणाला अशी नदी नाही, त्यामुळे जागा शोधायचं आमचं शास्त्र तुम्हाला जसंच्या तसं चालणार नाही.

एक गोष्ट मात्र चालेल. आमच्या गावाजवळ सेमूर नॅरोज नावाची खिंड आहे, तिथे भरतीचा प्रवाह पंधरा नॉटपर्यंत जातो. अशा पाण्यात जीपीएसवरचा वेग फसवा, कारण तो जमिनीच्या मानाने असतो. जीपीएस तीन नॉट दाखवतं आणि प्रवाहाबरोबर जात असाल तर आमिष जवळजवळ लटकलेलं असतं. आम्ही डाउनरिगरची तार मागे किती कलली आहे ते बघून वेग ठरवतो. नदीच्या मुखाजवळ ओहोटीत तुमचंही तेच होईल. वर रांपणकारांच्या नातवाने रॉडच्या टोकाचा ठेका सांगितलाय, तो जीपीएसपेक्षा खरा.

आणि यंत्राच्या मोहात असाल तर हेही ऐका. आमच्याकडे १९२४ साली सुरू झालेला टायी क्लब आहे. त्यांचा नियम असा, की इंजिन बंद, होडी वल्ह्यांनी चालवायची, डाउनरिगर नाही, एकच गळ आणि तोही उलट्या काट्याशिवायचा. अशा रीतीने तीस पौंड किंवा त्याहून मोठा चिनूक पकडला तरच सभासदत्व. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो. लोक दर ऑगस्टला वल्ही मारत बसतात आणि काहींना मिळतोही. उलट्या काट्याशिवायचा गळ तर इथे समुद्रातल्या सॅमनला कायद्यानेच सक्तीचा आहे. तुम्हीही लुअरच्या गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. दोरी ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही, आणि तीन काट्यांचा गळ मित्राच्या तळहातात शिरला तर निघतो.

खारीवाडा

मी वास्कोची, घरात दोन पिढ्यांच्या होड्या. भावाबरोबर ग्रांद बेटाच्या बाजूला ट्रोलिंगला जाते, म्हणून चार शब्द.

वरचं सगळं ठीक आहे, पण दोन्ही पुरुष मंडळींनी लाइफ जॅकेटचा उल्लेखसुद्धा केलेला नाही. जॅकेट अंगात घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही. दोन वल्ही, आणि होडीच्या मानाने बरा नांगर, दोर निदान साठ मीटर. इंजिन बंद पडलं आणि खारा वारा सुटलेला असला तर तो तुम्हाला सरळ किनाऱ्यावरच्या फेसात नेऊन टाकतो. वीस मीटर पाण्यात नांगर टाकला की निदान जागेवर राहता आणि फोन करायला वेळ मिळतो. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा नंबर १५५४, फोनमध्ये आत्ताच घाला. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. घरच्या एका माणसाला सांगून जायचं, किती वाजता परत येणार आणि नाही आलो तर कोणाला कळवायचं. आदल्या रात्री इनकॉइस या सरकारी समुद्र-संस्थेचा लाटांचा अंदाज बघा, हैदराबादहून येतो आणि चांगला येतो. बहुतेक होडीवाले तोच बघतात.

लुअरबद्दल माझं मत वेगळं आहे. नवशिक्याने मेलेला बांगडा ओढावा. ताजा, मध्यम आकाराचा, तोंड तारेने शिवलेलं, एक गळ डोक्यात आणि दुसरा शेपटीकडे, कारण इसवण आधी शेपूट कापतो. वेग दोन-तीन नॉट. पाणी जरा गढूळ असलं तरी वासावर मासा येतो. हळू चालल्यामुळे पेट्रोल कमी, घाई कमी, आणि सुकाणू शिकायला वेळ मिळतो. लुअरवाल्यांना वेगाचीच आवड असते.

जाळ्यांपासून लांब राहा, हे मी बहीण म्हणून नाही, जाळीवाल्यांच्या घरातली म्हणून सांगते. पाण्यावर कॅन, थर्माकोल किंवा झेंडा दिसला की त्याचा जोडीदार कुठे आहे ते आधी शोधा, जाळं त्या दोघांच्या मध्ये आहे. त्यातून लुअर ओढलात तर लुअर जाईल, पंख्यात जाळं गुंतलं तर तुम्ही तिथेच, आणि जाळीवाला जे बोलेल ते ऐकून घ्यावं लागेल. त्याचं ते पोट आहे. मुरगाव बंदराच्या जहाजांच्या वाटेतही फिरकू नका, त्यांना थांबता येत नाही.

आणि बर्फ! मासा वर घेतला की डोक्यावर दांडका, मग कल्ल्यापाशी कापून रक्त जाऊ द्यायचं, मग बर्फात. इसवण उन्हात तासभर होडीच्या तळाला पडला की तुकड्या तव्यावर भुसभुशीत होतात. लोक तीन तास मासे पकडतात, तीन मिनिटं त्यांची काळजी घेत नाहीत, आणि मग म्हणतात बाजारातलाच बरा होता.

फोंडेकर

सगळ्यांचे आभार. डाउनरिगर रद्द. त्या पैशात दोन जॅकेटं, नांगर आणि मोठी बर्फाची पेटी येते, असं घरी सांगितलं, तर पेटी मंजूर झाली आहे. बाकीचं आपोआप होईल.

दोन शंका राहिल्या. होडी वळवताना मागचे दोन दोर एकमेकांत गुंतणार नाहीत का? आणि एवढ्या मोठ्या पाण्यात जायचं कुठल्या दिशेला? व्हिडिओत सगळ्यांकडे मासे दाखवणारा पडदा असतो, आमच्याकडे नाही.

रांपणकाराचो_नातू

खारीवाडाबाय, जॅकेटचं मान्य. बांगड्याचं अर्धं मान्य. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बांगडा, पाणी निवळलं की लुअर. बांगडा शिवायला बसलेला माणूस होडी डोलताना आधी स्वतःचं बोट शिवतो.

फोंडेकर बाब, वळण मोठं घ्यायचं, एवढंच. रस्त्यावर स्कूटर वळवता तसं नाही, अर्धी फुटबॉल फील्ड लागली तरी चालेल. लांबचा लुअर उथळ जाणारा आणि जवळचा खोल जाणारा ठेवलात तर ते एकमेकांवरून निघून जातात. वळणात आणखी एक गोष्ट कळते. आतल्या बाजूचा लुअर मंद होतो, बाहेरचा वेग घेतो. आतल्याला मासा लागला तर तुम्ही तोवर फार जोरात चालला होता, बाहेरच्याला लागला तर फार हळू. म्हणून सरळ रेषेत जाऊच नका, नागमोडी चाला. पुष्कळदा मासा वळणातच लागतो.

दिशेचं म्हणाल तर पडदा नको, पक्षी बघा. कुररी पाण्यावर सुळकांड्या मारत असतील तर खाली बारीक मासे वर हाकलले गेलेत, आणि हाकलणारा कोणीतरी मोठा आहे. त्या थव्यातून होडी घालायची नाही. सगळं खाली बसतं. कडेकडेने गोल फिरून लुअर थव्याच्या काठावरून न्यायचा. पक्षी नसतील तर पाण्याचा रंग बघा. नदीचं मातकट पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी यांच्यामध्ये स्पष्ट रेघ दिसते, तिच्यावर फेस आणि काटक्या जमलेल्या असतात. बारीक मासे त्या रेघेला धरून राहतात. तुम्ही हिरव्या बाजूने, रेघेला समांतर चाला. तिसरं म्हणजे पाण्याखालचे खडक. शापोरा किल्ल्याच्या डोंगराखालून खडक पाण्यात उतरतो, त्या बाजूला बॅराकुडा हमखास, पण लाट असेल तर लांबून.

मासा लागला की इंजिन लगेच बंद करायचं नाही. दहा-वीस मीटर तसंच चालू द्या. दोरी ताठ राहते, आणि इसवण थव्याने असतात म्हणून दुसरा रॉडही वाकण्याची शक्यता असते. मग न्यूट्रल. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना लागणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच, घरी वजनकाट्याला दोरी बांधून लावून या. पहिली धाव त्याला मारू द्या, रीळ ओरडेल, हात लावू नका. मग तो अचानक होडीकडे पळत येतो आणि दोरी सैल पडते. मासा सुटला असं वाटून लोक तिथे हात सोडतात. तेव्हाच जीव खाऊन गुंडाळायचं.

हातभराहून लहान असेल तर सोडून द्या, पक्कडीने गळ काढून, माशाला होडीत न घेता.

मित्राला एवढं सांगा, की इंजिनाचा एक जादा प्लग आणि प्लगचा पाना डब्यात ठेवायचा. आणि पहिल्या दिवशी रॉड नेऊच नका. अमावास्येच्या आसपासचा एखादा रविवार बघून पहाटे बाहेर जा, साडेदहाला आत या, दोनदा बांध ओलांडा. धक्क्यावर निळ्या पट्ट्याची होडी दिसली तर ती आमची. मी सहाला निघतो, मागे राहा.